दार कुणी लावलं

त्या गल्लीत दारावर टकटक करणं कुणालाच येत नव्हतं. येणार कसं? टकटक करायला आधी दार बंद असावं लागतं, आणि गल्लीतली दारं सकाळी पहिलं माणूस उठलं की उघडायची ती अंथरुणं पडेपर्यंत उघडीच. एकेका खोलीची घरं, पाठीला पाठ लावून बांधलेली. खिडकी काढायला भिंतच मोकळी नव्हती. उजेड दारातून यायचा, वारा दारातून यायचा, चुलीचा धूर दारातून बाहेर जायचा, आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय हेही दारातूनच कळायचं. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरच्या दोन बायका आपापल्या उंबरठ्यावर बसून एकाच परातीतले तांदूळ निवडायच्या आणि तिसरीची उणीदुणी काढायच्या.

टकटक करणारा माणूस म्हणजे परका. गल्लीतल्या सुताराच्या, मिस्त्रीच्या आठवणीत असं तीनदाच झालं होतं, तिन्ही वेळा गल्ली जागी व्हायच्या आत. एकदा पोलीस आला होता, एकदा जप्तीवाला, आणि एकदा हॉस्पिटलचा माणूस, त्याचा बाप गेल्याचं सांगायला. तेव्हापासून लाकडावर बोटं वाजली की तो हातातलं काम टाकून उठायचा. सुतार असून!

दाराचा एक कायदा होता. तो कुणी लिहिला नव्हता, पण शेंबड्या पोरालाही पाठ होता. भर दिवसा कुणी दार लावलं, की ते माणूस रागावलं. मग त्याला हाक मारायची नाही, समजूत घालायला जायचं नाही, दारासमोरून जाताना चपला वाजवायच्या नाहीत. ज्यानं दार लावलं त्यानंच ते उघडायचं. त्यानं उघडलं की भांडण संपलं. कोण चुकलं, कोण बरोबर, याचा पाढा पुन्हा वाचायचा नाही. समोरच्यानं काहीच झालं नाही अशा थाटात आत जायचं आणि चहा मागायचा.

हा कायदा वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला आणि गल्लीतल्या लोकांना वाटायचं, आपण किती समजूतदार! खरं सांगायचं तर समजूतदारपणा चुलीचा होता. बिनखिडकीच्या खोलीत दार लावून चूल पेटवून बघा. तासाभरात डोळे चुरचुरायला लागायचे, दोन तासांत खोकून खोकून जीव जायचा, आणि रुसलेला माणूस शिव्या घालत का होईना, दार उघडायचा. धूर कुणाची बाजू घेत नाही. त्यामुळे गल्लीतलं सगळ्यात मोठं भांडणही एका दुपारच्या पलीकडे टिकलं नव्हतं. तो विक्रम अक्काच्या नावावर होता, आणि तिला त्याचा अभिमान होता.

अक्का ही मिस्त्रीची थोरली बहीण. बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मागोमाग बाप गेला, आणि याला वाढवलं अक्कानं, लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून. कोळशाची ती अवजड इस्त्री दिवसभर फिरवायची आणि तोंडानं याला अभ्यास सांगायची. अभ्यास काही झाला नाही. मग एके दिवशी तिनं याच्या हातात एक पेचकस ठेवला. लाकडी मुठीचा, नवा कोरा. म्हणाली, "डोकं चालत नाही तर हात चालव." आणि हात चालला. काढलेले पेच जमिनीवर टाकायचे नाहीत, वाटीत ठेवायचे, हे तिनंच शिकवलं होतं. पेच लावताना मात्र त्याची स्वतःची एक खोड होती. शेवटचा पेच घट्ट बसला तरी तो अर्धा फेरा जास्त पिळायचा. "माझा पेच दुसऱ्याच्यानं निघायचा नाही," असं मिशीवर ताव देऊन सांगायचा. अक्का म्हणायची, "तुझ्याच्यानं तरी निघू दे म्हणजे झालं."

मग शहरानं मनावर घेतलं. गल्लीच्या जागेवरून रुंद रस्ता जायचा होता. सगळ्या गल्लीला उचलून तेरा मजल्यांच्या एका नव्या इमारतीत ठेवलं. लोकांनी कुरकुर केली, पण खोटी. प्रत्येक घराला दोन खोल्या, नळाला पाणी, गॅस, आणि खिडक्या! पहिले आठ दिवस बायका खिडकीत उभ्या राहून नुसत्या बाहेर बघत होत्या. मिस्त्रीला सातव्या मजल्यावर घर मिळालं आणि अक्काला बरोबर त्याच्या समोरचं. वर त्याचं नशीब असं फळफळलं, की इमारतीतल्या सगळ्या दारांना क्लोजर बसवायचं काम त्यालाच मिळालं.

क्लोजर म्हणजे दाराच्या वरच्या कोपऱ्यात बसणारा लोखंडी हात. दार उघडून सोडून दिलं, की तो ते ओढून घेतो आणि आपोआप लावतो. लागलं की कुलूपही आपोआप पडतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. आग लागली तर एका घरातला धूर दुसऱ्या घरात जाऊ नये, म्हणून शहराचा तसा नियमच होता. अक्कानं हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"तिकडे धूर जावा म्हणून दार उघडं ठेवायचो, इकडे धूर येऊ नये म्हणून लावायचं? आणि माणसं कुठून यायची?"

"माणसांना बेल आहे ना, अक्का."

"बेल दाबून माणूस येतो का? बेल दाबून पाहुणा येतो."

सुरुवातीला सगळ्यांनाच गंमत वाटली. दाराला भूत लागलंय, असं म्हणत लोक हसायचे. किल्ली आत राहायची, माणूस बाहेर, आणि मिस्त्रीला हाका. लोक दारात चप्पल अडकवायचे, पाट लावायचे. मग इमारतीचे साहेब फिरायला लागले. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा असा जुडगा, की ते येण्याआधी आवाज यायचा. लोकांनी त्यांचं नाव किल्लीसाहेब ठेवलं. किल्लीसाहेब चपला लाथेनं आत सरकवायचे आणि दार लागलेलं बघूनच पुढे जायचे. दोन-तीन महिन्यांत लोकांनी चपला ठेवणं सोडलं. कुणी सक्ती केली असं नाही. नळाला पाणी होतं, टीव्ही होता, खिडकीतून वारा येत होता. दाराची गरजच कुठे राहिली होती?

आणि मग मिस्त्रीला एक गोष्ट जाणवायला लागली, जी त्याला आवडत नव्हती आणि जिला त्याच्याकडे नाव नव्हतं. मजल्यावर सोळा दारं, आणि मधल्या बोळात दिवसभर शुकशुकाट. तिसऱ्या दारात राहणारी शिवणवाली गल्लीत असताना एवढ्या मोठ्यानं बोलायची, की तिच्या घरी काय चाललंय ते चार घरं सोडून ऐकू यायचं. ती आता बोळात भेटली तर कुजबुजायची. का कुजबुजायची, तिलाही ठाऊक नव्हतं. बंद दारासमोर मोठ्यानं बोलू नये, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं, आणि इथे तर सगळीच दारं बंद! गल्लीनं शिकवलेला कायदा माणसांनी तसाच बांधून वर आणला होता, फक्त धूर खाली राहिला होता.

पाचव्या मजल्यावरचा म्हातारा पहारेकरी महिनाभर दिसला नाही, तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की तो रागावलाय. कुणावर, यावर पैजा लागल्या. महिन्यानं तो लेकीकडून हातात पिशवी घेऊन परत आला. "अहो, आम्हाला वाटलं तुम्ही दार लावून बसलात," शिवणवाली म्हणाली. कुणीतरी म्हणालं, "आत मेले असते तरी आम्ही असंच म्हटलं असतं." सगळे खो-खो हसले. मिस्त्रीही हसला. अक्का मात्र हसली नाही. ती घरात गेली, कोळशाची ती जुनी इस्त्री माळ्यावरून उतरवली आणि दाराला टेकवून ठेवली. त्या दिवसापासून सातव्या मजल्यावर एक दार सताड उघडं राहायला लागलं. दारात अक्का स्टुलावर बसलेली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, "काय गं, आज उशीर?" लोक तेवढ्यापुरते जुन्या आवाजात बोलायचे आणि चार पावलं पुढे गेले की पुन्हा हळू.

किल्लीसाहेबांना ते दार डोळ्यात सलत होतं. एका शनिवारी त्यांनी मिस्त्रीला गाठलं.

"मिस्त्री, सोमवारी तपासणी आहे. आगीचे अधिकारी येणार. एक दार जरी उघडं सापडलं तर इमारत नापास. शेजारच्या दोन इमारती उभ्या राहतायत, तिथली दारं तुम्हाला हवीत ना?"

"हवीत की, साहेब."

"मग आधी घरचं दार लावा."

मिस्त्री रविवारभर कुढत राहिला. सोमवारी सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन समोरच्या दारात गेला. अक्का स्टुलावर बसून शेंगा सोलत होती.

"अक्का, आज एक दिवस इस्त्री काढतो."

"काढ. उद्या ठेव परत."

इथेच थांबला असता तर काही झालं नसतं. पण त्याला तिचा स्वभाव माहीत होता. इस्त्री काढली तर ती स्टूल लावेल, स्टूल काढलं तर स्वतः दारात बसेल. त्यानं क्लोजर खाली उतरवला, त्याचा जोर वाढवला आणि परत चढवला. चार पेच. चौथा नेहमीसारखा अर्धा फेरा जास्त. आता त्या दाराला स्टुलानं अडवायचं म्हटलं असतं तर स्टूलच फरफटत गेलं असतं. अक्का शेंगा सोलायची थांबून बघत होती.

"हे एका दिवसाचं काम नाही," ती म्हणाली.

"नियम आहे, अक्का. मी काय करू?"

"नियम त्यांचा आहे. हात तुझा आहे."

"सगळी इमारत दारं लावून राहते! तुलाच काय होतंय? कोण येतं तुझ्याकडे, की दार उघडं पाहिजे?"

बोलून गेल्यावर त्यालाच ते लागलं. अक्कानं शेंगांचं ताट उचललं, स्टूल आत ओढलं. तो इस्त्री हातात घेऊन बाहेर आला. मागे दार सावकाश फिरायला लागलं. ते लागायच्या आधी फटीतून तिचा चेहरा दिसला आणि ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दार लावलंस रे."

खट्ट.

तपासणी झकास झाली. अधिकाऱ्यांनी सातव्या मजल्यावरची सोळाही दारं उघडून सोडली आणि सोळाही आपणहून लागली. अक्काचं तर इतक्या जोरात लागलं, की अधिकारी म्हणाले, "वा, हे काम आहे!" आत अक्का खिडकीकडे तोंड करून उभी होती. किल्लीसाहेबांनी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. शेजारच्या दोन इमारती पक्क्या झाल्या. संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि सवयीनं समोर बघितलं. दार बंद.

"अक्कांनी दार लावलंय," त्याची बायको म्हणाली. "जा ना जरा. दोन शब्द बोला."

"दार तिनं लावलंय. ती उघडेल."

"अहो, पण हे दार..."

"मला दारातलं शिकवू नकोस."

बायकोनं विषय सोडला. तीही त्याच गल्लीतली होती. बंद दाराशी लुडबुड करायची नाही, हे तिलाही आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. शेजाऱ्यांनाही बातमी लागली होती. बोळातून जाताना माणसं अक्काच्या दारापाशी पाय आणखी हलके टाकत होती. भावाबहिणीचं आहे, आपण कशाला मधे पडा! इमारतीत आल्यापासून पहिल्यांदाच एका बंद दाराला काही अर्थ आला होता, आणि सगळ्यांनी तो अगदी मन लावून पाळला.

मंगळवारी दुपारी मिस्त्री जेवायला घरी आला होता, तेव्हा ठोकण्याचा आवाज ऐकू आला. ठक, ठक, ठक. मग थांबला. मग पुन्हा ठक, ठक, ठक. नव्या घरांत रोजच कुणी ना कुणी फळी ठोकत असायचं, त्यामुळे कुणी मान वर केली नाही. मिस्त्रीनं मात्र घास हातात धरून कान दिला. धंद्याची सवय.

"कोण गाढव आहे हा? हातोडी धरायची अक्कल नाही. असा पुळपुळीत ठोकला तर खिळा वर्षभर जायचा नाही आत."

बायको हसली. "तुमच्यासारखं सगळ्यांना कसं जमेल?"

तो खूश होऊन जेवला.

आवाज संध्याकाळपर्यंत मधून मधून येत राहिला. बुधवारी सकाळी पुन्हा सुरू झाला, आणखी मंद. तीन ठोके, मग बराच वेळ काही नाही, मग दोन. मिस्त्रीला तो आवाज आता सतावायला लागला होता. जीव कुठेच लागत नव्हता. गल्लीत अक्काचं दार एका दुपारच्या पलीकडे बंद राहिलं नव्हतं, आणि इथे तिसरा दिवस उजाडला होता. एवढा राग? मी तिचं काय वाईट केलं? आतल्या आत तो तिच्याशी भांडत होता, आणि प्रत्येक भांडणात तीच जिंकत होती. दोनदा तो तिच्या दारापर्यंत गेला. दोनदा परत आला. बेलवर बोट ठेवायला हात उचलला की कानात हॉस्पिटलच्या माणसाची टकटक वाजायची. अशुभ नको, असं मनाशी म्हणत तो मागे फिरायचा. बेलचं ते बटण नवं कोरं होतं, त्याच्यावरचा पातळ कागदही अजून कुणी काढला नव्हता. सातव्या मजल्यावरच्या एकाही बेलवरचा काढला नव्हता.

बुधवारी दुपारी ठोकणं बंद झालं. मिस्त्री जेवून पडल्या पडल्या वाट बघत होता, पुढचा ठोका कधी पडतो याची. पडलाच नाही.

"थांबला बाबा एकदाचा," तो म्हणाला आणि त्यानं कूस बदलली. किती दिवसांनी त्याला दुपारची झोप लागली.

गुरुवारी सकाळी शिवणवाली बोळात त्याला भेटली. नेहमीसारखी कुजबुजत.

"मिस्त्री, एक विचारू? रागावू नका."

"बोला."

"अक्कांचा दिवा जळतोय. दाराखालून दिसतो. काल दुपारीही होता."

अक्का आणि दिवसाढवळ्या दिवा! लोकांच्या घरात शिरून दिवे बंद करणारी बाई ती. एकदा किल्लीसाहेबांच्या कचेरीतला दिवा तिनं जाता जाता बंद केला होता आणि ते अंधारात ओरडत बसले होते. मिस्त्रीनं वाकून बघितलं. दाराखाली फरशीवर पिवळ्या उजेडाची एक रेघ पडली होती. तो घरात गेला, दारामागे ठेवलेली अक्काची इस्त्री उचलली. इस्त्री परत द्यायला आलोय, एवढं निमित्त पुरे होतं. राग असला तर असो. तो दारासमोर उभा राहिला. हाक मारली, "अक्का!" गल्लीत मारायचा तशी नाही, दबकी. आतून काही नाही.

मग त्यानं हात उचलला. आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्या माणसाच्या दारावर टकटक करणार होता, आणि बोटं कशी वाकवायची हेही त्याला नीट सुचेना. त्यानं मूठ केली आणि ठोकलं.

ठक, ठक, ठक.

तो जागच्या जागी थिजला. ही दारं त्याच्या हाताखालून गेलेली होती. वरून पातळ फळ्या, आतून पोकळ, आणि खालच्या बाजूला एक आडवी पट्टी, म्हणून ठोका पडला की आवाज आधी पोकळ यायचा आणि मग खाली बुडायचा. लाकडाचा आवाज तो विसरत नसे. दोन दिवस ज्या हातोडीला त्यानं नावं ठेवली, ती हातोडी नव्हतीच. कुणीतरी हे दार वाजवत होतं. आतून.

किल्ली त्याच्याच घरात होती. पहिल्या दिवशीच अक्कानं ती त्याच्या बायकोच्या हातात ठेवली होती, "मला काय करायचीय ही, तुमच्याकडेच राहू दे," म्हणून. चार दिवस ती खिळ्याला लटकत होती आणि तो येता-जाता तिच्यावर शर्ट अडकवत होता. त्यानं शर्ट फेकला, किल्ली ओढली. कुलूप निघालं. दार वीतभर उघडलं आणि अडलं. तो अंग चोरून आत शिरला.

अक्का दारामागेच पडलेली होती. स्टूल आडवं झालेलं. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. उजव्या मुठीत पेचकस, लाकडी मुठीचा, तिनंच त्याला दिलेला. तो केव्हातरी तिच्याकडे राहिला होता आणि तिनं जपून ठेवला होता. दारावर, जमिनीपासून हातभर उंचीवर, पेचकसाच्या मुठीच्या ठोक्यांनी रंगाचे टवके उडाले होते. एका जागी बरेच, खाली सरकत सरकत थोडे. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि लगेच त्याला कळलं. मागून बायको आली, तिनं किंकाळी फोडली, आणि इमारतीत आल्यापासून पहिल्यांदा सातव्या मजल्यावरची सगळी दारं एकदम उघडली.

अक्काला उचलून आतल्या खाटेवर ठेवलं, डॉक्टर आले. मांडीचं हाड मोडलं होतं, डोक्यालाही मार होता. "पडल्यावर दिवसभर तरी जिवंत होत्या," ते म्हणाले. "काल दुपारच्या सुमाराला गेल्या असाव्यात. कुणाला हाक ऐकू आली नाही का?"

शिवणवालीनं तोंडाला पदर लावला. तिला मंगळवारी काहीतरी ऐकू आलं होतं, पण तिनं ते टीव्हीवरचं समजलं होतं. मिस्त्रीनं काल दुपारचा हिशोब मनात लावला. थांबला बाबा एकदाचा, असं म्हणून तो कूस बदलून झोपला होता, तीच वेळ.

"पण त्या स्टुलावर कशाला चढल्या असतील?" कुणीतरी विचारलं.

उत्तर मिस्त्रीच्या बायकोला दिसलं. तिनं नुसतं वर बोट दाखवलं. क्लोजर दारावरून तिरका लोंबत होता. चार पेचांतले तीन निघालेले, चौथ्यावर लटकलेला. चौथ्याचं डोकं झिजून गुळगुळीत झालं होतं, इतक्यांदा पेचकस त्यावरून घसरला होता. खाली कोपऱ्यात एक वाटी होती. वाटीत तीन पेच, नीट ठेवलेले.

"दार उघडं ठेवायला निघाल्या होत्या हो," बायको रडत म्हणाली. "मंगळवारीच. म्हणजे तुम्ही चहाला आला असतात."

मिस्त्री वाटीतल्या पेचांकडे बघत राहिला. चार दिवस तो ज्या कायद्याला धरून बसला होता, तो आता त्याच्यावरच उलटला होता. दार लावणाऱ्यानं उघडायचं. अक्कानं दार लावलंच नव्हतं. तिनं तर त्याला सरळ सांगितलं होतं, फटीतून, साध्या आवाजात. ती दिवसभर वाट बघत राहिली असेल, हा येईल, यानं लावलंय तर हा उघडेल. आणि दुसऱ्या दिवशी, आपली पाळी नसताना, स्टुलावर चढली.

"दार मी लावलं होतं," तो म्हणाला.

"काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी लावलं होतं. उघडायचं मला होतं."

डॉक्टरांना काही कळलं नाही. बोळात उभ्या असलेल्या गल्लीतल्या माणसांना मात्र सगळं कळलं, आणि एकेकानं मान खाली घातली. मिस्त्रीनं अक्काच्या मुठीतून पेचकस सोडवून घेतला. बोटं निघता निघेनात. तो त्याच स्टुलावर चढला आणि चौथ्या पेचाला पेचकस लावला. पेच जागचा हलेना. घाम आला, हाताला फोड आला, मुठीवर दोन्ही हातांचा भार टाकावा लागला. अर्धा फेरा निघाला, मग बाकीचे निघाले. क्लोजर त्याच्या हातात आला. त्यानं चौथा पेच वाटीत ठेवला, तीन पेचांच्या शेजारी, आणि दार हातानं पूर्ण उघडलं. ते भिंतीला टेकलं आणि तिथेच राहिलं.

"या," तो बाहेरच्या माणसांना म्हणाला. "आत या."

माणसं एकेक करून पुढे सरली. त्यांच्या पाठीमागे बोळात त्यांची दारं लागत गेली, खट्ट, खट्ट, त्यानंच बसवलेली, एकही न चुकता.